ढवळ्याचा पांढरा रंग

सोमवार, रात्री दहा

पोळ्याला अकरा दिवस उरले आहेत आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी पहिली-दुसरीच्या मुलांना वाटायची रंगवही अजून माझ्या डोक्यातच आहे. आतली आठ पाने काळ्या रेघांची, शाळेच्या झेरॉक्सवर निघतील अशी, आणि मुखपृष्ठ तेवढे रंगीत, तालुक्याच्या गावाहून छापून आणायचे, असे ठरले आहे. मुखपृष्ठावर कोण असावे हे वर्गात विचारले तेव्हा मुलांनी मोबाइलवरच्या कार्टूनमधली चार-सहा नावे सांगितली. पण पोळ्याच्या वहीवर कुठला तरी उंदीर किंवा मांजर कशाला, असे मला वाटले. म्हणून मीच गोऱ्हा ठरवला आणि त्याचे नावही ठेवून टाकले, ढवळ्या. नाव ठेवताना मी फार विचार केला नाही. ढवळ्या म्हणजे पांढरा, आणि पांढऱ्या कागदावर पांढरा बैल कसा रंगवायचा, हा प्रश्न आज पेन्सिल हातात घेतल्यावर पडला.

आमचा भाग वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडचा, गवळाऊ जातीच्या बैलांचा. अंगाने पांढरा आणि मानेकडे व वशिंडाकडे राखाडी होत जाणारा हा बैल लहानपणापासून इतका पाहिला आहे की तो डोळे मिटून काढता येईल, अशी माझी समजूत होती. कार्टून करायचे म्हणून डोके मोठे केले, जवळजवळ धडाच्या निम्मे. पाय आखूड आणि गुडघ्यापाशी गुबगुबीत. शिंगे नुकती फुटल्यासारखी. डोळ्यांत पांढरा ठिपका. चित्र पाहून मुलगी म्हणाली, "बाबा, हे बकरी हाय का?" ती चौथीत आहे आणि भीड ठेवत नाही. तिचे म्हणणे खरे होते. डोके मोठे करण्याच्या नादात मी वशिंड आणि गळ्याखालची पोळी या दोन्ही गोष्टी जवळजवळ पुसून टाकल्या होत्या. त्या दोन रेघा वाढवल्या आणि बकरीचा बैल झाला. कार्टूनमध्ये बाकी सगळे सोडून देता येते, पण ज्यावरून जनावर ओळखू येते ते सोडता येत नाही, उलट तेच थोडे फुगवून काढावे लागते.

मंगळवार

काळ्या जेल पेनाने रेघा पक्क्या केल्या आणि काल रात्री बल्बच्या उजेडात मोबाइलने फोटो काढला. कागद पिवळा, डावा कोपरा काळवंडलेला, आणि मधोमध माझ्याच हाताची सावली. गिम्प या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल्स, म्हणजे चित्रातला काळा-पांढरा कमीजास्त करायची पट्टी, उघडून काळा त्रिकोण उजवीकडे आणि पांढरा डावीकडे सरकवला, तर कागदाचा उजवा भाग स्वच्छ झाला आणि डावा कोपरा पूर्ण काळा. उजेड सारखा पडलेला नसेल तर ही युक्ती चालत नाही. आज सकाळी ओसरीवर, आभाळ भरून आलेले असताना, त्याच कागदाचा पुन्हा फोटो काढला. ढगाळ आभाळाचा उजेड सगळीकडे सारखा पडतो, त्यामुळे या वेळी दोन्ही त्रिकोण थोडेसे हलवताच काळ्या रेघा आणि पांढरा कागद एवढेच उरले.

गिम्पबद्दल थोडे लिहून ठेवतो. हे सॉफ्टवेअर १९९५ मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठातल्या दोन विद्यार्थ्यांनी बनवायला घेतले, आणि तेव्हापासून ते फुकट आहे. माझ्यासारख्या माणसाने विकतचे घेतले असते असे नाही. उघडताना तोंडात ब्रश धरलेला एक प्राणी दिसतो, त्याचे नाव विल्बर. मुलीने त्याला कोल्हा ठरवले आहे.

ए-फोर कागद तीनशे डीपीआयने, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके धरून, छापायचा तर चित्र २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे लागते, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याचे चार बाइट धरले तर एका लेअरला, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांपैकी एकाला, साधारण ३५ एमबी जागा. गणिताचा मास्तर असल्यामुळे हे मी वहीत मांडले. मांडल्यावर कळले की चार जीबीचा आमचा जुना लॅपटॉप पंधरा लेअर केल्यावर का धापा टाकतो; लेअरसोबत मागे घेण्याचा इतिहासही त्याला सांभाळावा लागतो. तेव्हा लेअर मोजकेच ठेवायचे: सगळ्यात वर रेघा, त्याखाली सावली, त्याखाली सपाट रंग, तळाशी मागचा देखावा.

रेघांचा लेअर मल्टिप्लायवर ठेवला. या नावाचा अर्थ आज प्रथमच नीट समजला आणि फार आवडला. वरच्या ठिपक्याचा अंक आणि खालच्याचा अंक यांचा गुणाकार करून २५५ ने भागायचे. पांढऱ्याचा अंक २५५, म्हणून पांढऱ्याखालचा १८० हा १८०च राहतो. काळ्याचा अंक शून्य, म्हणून काळ्याखाली काहीही असले तरी उत्तर शून्य. कागद आपोआप नाहीसा होतो आणि रेघ उरते. सातवीच्या वर्गाला अपूर्णांकांचा गुणाकार शिकवताना हे उदाहरण घ्यायला हवे.

गुरुवार

आज नुसता रंग गळत होता. शेपटीत भरलेला करडा रंग क्षणात सगळ्या आभाळभर पसरला; धुरा एका जागी फुटला की पाणी शेजारच्या वावरात शिरते, अगदी तसा. बकेट फिल हे रंग ओतायचे साधन सारख्या रंगाचे सलग ठिपके शोधत पुढे जाते, आणि माझ्या पेनाची रेघ शेपटीच्या गोंड्यापाशी केसाएवढी तुटलेली होती. चित्र सहापट मोठे करून ती फट शोधायला अर्धा तास गेला. नंतर आढळले की २०१९ च्या आवृत्तीपासून बकेट फिलमध्ये रेघांच्या फटी ओळखून आपणच बुजवणारी सोय आहे. ती वापरली. चांगली चालते, पण कान आणि शिंग यांच्यामधली जागा तिला मुळीच कळली नाही, तिथे हातानेच बांध घालावा लागला.

दुसरा त्रास रेघेच्या कडेचा. रेघ काळी दिसते खरी, पण तिच्या काठावरचे ठिपके करडे असतात, म्हणजे धार गुळगुळीत वाटते. रंग त्या करड्याशी येऊन थांबतो आणि प्रत्येक रेघेच्या आत पांढरी किनार राहते. उपाय सोपा: जागा निवडायची, निवड दोन ठिपक्यांनी वाढवायची आणि मग खालच्या लेअरवर रंग ओतायचा, वाढलेला भाग वरच्या काळ्या रेघेखाली झाकला जातो.

शनिवार

लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी गेल्या वर्षीच संपली आहे, तो तारेवरच चालतो. झूल, गोंडे, घुंगरांची माळ, शिंगांचा हिंगूळ असे दोन तासांचे काम गेले. दर दहा मिनिटांनी कंट्रोल-एस दाबायचे असे मुलांना संगणकाच्या तासाला मीच सांगतो.

रविवार, संध्याकाळ

गेलेले पुन्हा भरले, आणि पुन्हा भरताना ते अर्ध्या वेळात झाले. मग अंगाकडे वळलो.

पहिल्यांदा लाल, हिरवा, निळा या तिन्हींचे अंक सरळ २५५, २५५, २५५ असा शुद्ध पांढरा भरला. ढवळ्या नाहीसाच झाला. नुसती रेघ उरली, जणू रंगवायचाच राहून गेला आहे. मग पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला करडी सावली टाकली, काळ्याचीच ऑपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, कमी करून. त्याने बैल दिसू लागला, पण सिमेंटचा. मी गोंधळून लॅपटॉप उघडाच ठेवून अंगणात आलो, तेव्हा शेजारचे काका गोठ्याकडे चालले होते. त्यांना पडद्यावर चित्र दाखवले. त्यांनी चष्मा वर केला, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, रागावू नका, पण ह्याले बरं नाही वाटत. चारा सोडल्यासारखा दिसते."

मी त्यांच्यासोबत गोठ्यात गेलो. त्यांची जोडी पांढरी आहे, आणि ती पांढरी आहे हे मी चाळीस वर्षे गृहीत धरले होते. आज पहिल्यांदाच मी तिच्यात पांढरा कुठे आहे ते शोधले. दाराकडच्या बैलाच्या पाठीवर, वशिंडापासून मागे तळहाताएवढ्या पट्ट्यात, जिथे आभाळाचा उजेड थेट पडत होता, तेवढाच भाग खरा पांढरा होता. बरगड्यांवर तो निळसर झाला होता. पोटाखाली खाली पसरलेल्या कुटाराचा पिवळेपणा वर चढला होता, आणि गव्हाणीकडच्या मानेवर हिरव्या चाऱ्याची चाहूल होती. करडा म्हणावा असा रंग फक्त मानेवर होता, आणि तो सावलीचा नव्हता, त्याच्या जातीचा होता. काका म्हणाले, "पांढरं जनावर जिथं उभं राह्यते, तिथलं होते." त्यांनी हे सहज म्हटले आणि बादली उचलून निघून गेले.

घरी येऊन काळी सावली पुसली. अंगाचा मूळ रंग किंचित साईसारखा केला: २५०, २४६, २३६. मग त्या लेअरवर अल्फा टू सिलेक्शन केले, म्हणजे ब्रश अंगाबाहेर जाणार नाही, आणि वर मल्टिप्लायचा नवा लेअर घेऊन निळसर जांभळ्या रंगाने, साठ टक्के ऑपॅसिटीवर, बरगड्या आणि मांडीची आतली बाजू रंगवली. पोटाच्या अगदी तळाशी निळा थांबवून कुटाराचा पिवळा मऊ ब्रशने वर ओढला. माउसने हे काम करणे म्हणजे कुदळीने दाढी करणे आहे, पण जमले.

तरीही काहीतरी कमी होते. मोबाइलमध्ये गेल्या वर्षीचे पोळ्याचे फोटो चाळत बसलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी काकांकडे खांद शेकताना काढलेला एक फोटो सापडला. "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असे म्हणत हळद आणि तूप बैलांच्या खांद्याला लावतात, तेव्हाचा. बैलाच्या खांद्यावर हळदीचा ओला, पसरट डाग होता, आणि त्या डागाशेजारी तोच बैल असा पांढरा दिसत होता की पाहतच राहावे. फोटोतला पांढरा भाग मी ठिपका उचलून मोजला. तो माझ्या ढवळ्याच्या अंगापेक्षा बराच मळका निघाला.

रंगाबद्दलचे हे कोडे जुने आहे. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेत रंगाईची जबाबदारी सांभाळणारा शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. काळे सूत फिके दिसते अशी तक्रार त्याच्याकडे आली, तेव्हा तपास करून त्याने दाखवले की दोष काळ्या रंगात नव्हता, शेजारच्या धाग्यांच्या रंगात होता. त्याने १८३९ मध्ये यावर सविस्तर लिहिले. कापूस पिकवणाऱ्या भागात राहून सुताची ही गोष्ट मला बैलामुळे आठवावी, याची गंमत वाटते.

मी ढवळ्याच्या खांद्यावर हळद लावली. मागे श्रावणातले भरलेले आभाळ आणि पराटीची, म्हणजे कपाशीची, गर्द हिरवी ओळ काढली. अंगाचा एकही आकडा बदलला नाही, आणि तो पांढरा झाला.

मंगळवार

छपाईचा नमुना आला. हिरवा मेला आहे. पडद्यावरचे रंग उजेडाचे आणि कागदावरचे शाईचे, हा फरक ठाऊक होता, तरी एवढा अपेक्षित नव्हता. पराटी थोडी उजळ करून पाठवावी लागेल. ढवळ्याच्या पाठीवर मात्र एक नवीनच गोष्ट दिसली. नेहमीच्या चार शाईंत पांढरी शाई नसतेच. जिथे पांढरे हवे तिथे काही छापायचे नाही, कागद मोकळा सोडायचा. माझा साईसारखा रंग तिथे पिवळ्या शाईचे बारीक ठिपके होऊन उतरला होता आणि पाठ किंचित काविळलेली दिसत होती. म्हणून पाठीवरचा तो तळहाताएवढा पट्टा, गोठ्यात पाहिलेला, पुन्हा २५५ केला.

नमुना मुलीला दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, म्हणून मला वाटले की आवडला.

"बाबा, हा तान्ह्या पोळ्याचा नंदी हाय ना?"

"हो."

"मग याले चाकं कुठं हाय?"

मी नमुना हातात घेऊन पाहिला. आठ दिवस मी ढवळ्याच्या खुरांच्या फटी रंगवल्या, त्यांवर मातीचे शिंतोडेही उडवले. तान्ह्या पोळ्याला मुले ओढत नेतात तो बैल लाकडाचा असतो, पाटावर उभा असतो आणि पाटाला चार चाके असतात. शाळेसमोरून दर वर्षी तीस-चाळीस असे नंदी खडखडत जातात. त्यांतला एकही मला आठवला नाही.

रात्री साडेनऊला पुन्हा लॅपटॉप उघडला. पायांखाली नवीन लेअर घेतला, नाव दिले 'पाट'. ढवळ्या तिरका उभा असल्यामुळे चाके पूर्ण गोल चालणार नाहीत, उभट लंबगोल काढावी लागतील. पुढची दोन झाली, कंट्रोल-एस दाबले. मागची काढायला घेणार तोच पंखा मंद झाला, म्हणून आज इथेच थांबतो.