मावशींचा पीसीयू किती?

रविवार, रात्रीचे पावणेबारा

झोप येत नाहीये म्हणून लिहायला बसलेय. डायनिंग टेबलवर नकाशाच्या तीन प्रिंटा, मुलाची कंपासपेटी, एक कॅल्क्युलेटर आणि चिवड्याचा डबा असा सगळा संसार मांडलाय. मघाशी नवरा पाणी प्यायला उठला, बघून म्हणाला, आता रिंगरोड पण तूच काढणारेस का. मी म्हंटलं दिला तर काढेन.

तर झालं असं की बुधवारी मी अर्धी रजा टाकली आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकांबरोबर वाहतूक आराखड्याच्या एका प्रेझेंटेशनला गेले. काका पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, त्यांना अशा सगळ्या बैठकांची खबर असते आणि दर वेळी ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतात आणि दर वेळी त्याला तीन अंगठे येतात आणि जात कोणीच नाही. या वेळी मी हो म्हंटलं कारण नोव्हेंबरमध्ये, 2025 ला, पुण्यातल्या खडकवासला ते खराडी मेट्रोला केंद्राची मंजुरी आली आणि तेव्हापासून आमच्या सोसायटीत दुसरा विषयच नाही. सिंहगड रोडवरनं स्वारगेट, हडपसर करत खराडीपर्यंत जाणार, नळ स्टॉप-वारजे-माणिकबागचा फाटा धरून साडेएकतीस किलोमीटरच्या वर लांबी, 28 स्टेशनं. लिफ्टमध्ये भेटलेला प्रत्येक माणूस फ्लॅटचा रेट किती वाढेल तेवढंच बोलतो. घरातून निघून त्या स्टेशनपर्यंत पायी कसं पोचायचं हे एकानेही विचारलेलं मी ऐकलेलं नाही. मीसुद्धा विचारलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

हॉलमध्ये चाळीसेक खुर्च्या, त्यातल्या निम्म्या रिकाम्या, पुढच्या रांगेत नेहमीचे यशस्वी ज्येष्ठ नागरिक (काकांचाच शब्द), मागे आम्ही आणि कॉलेजची दोन पोरं. स्लाईड भराभर जात होत्या, पाणी पुरवठ्याच्या मीटरपेक्षा जास्त आकडे. प्रत्येक रस्त्यासमोर एक संख्या आणि पुढे पीसीयू. मला वाटलं पोल्युशनचं काहीतरी असेल. शेवटी धीर करून हात वर केला आणि विचारलं पीसीयू म्हणजे काय. दोन माणसं वळून बघायला लागली, जाऊ दे.

सांगणारा मुलगा चांगला होता पण, तिशीचा असेल, त्याने नीट सांगितलं. पॅसेंजर कार युनिट. रस्त्यावर गाड्या वेगवेगळ्या असतात, मग बेरीज करायची कशी, तर सगळ्यांना कारच्या मापात आणायचं. कार म्हणजे 1, टू व्हीलर साधारण अर्धा, बस साधारण 3. म्हणजे कोण रस्त्यावर किती जागा अडवतं त्याचं माप. मी तिथेच मागच्या कागदावर हिशेब केला, चाळीस माणसं एका बसमध्ये बसली की 3 आणि तीच चाळीस माणसं चाळीस स्कूटरवर निघाली की 20. कागदावर तर बसच्या बाजूचा हिशेब आहे हा! पण मग स्लाईडवर रस्ता 'रुंद करायची गरज' दिसते ती त्या 20 मुळे, आणि 3 वाल्यांची गर्दी कुठे दिसतच नाही. 2006 च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात सरळ म्हंटलंय की वाहनं नाही, माणसं हलवायचा विचार करा. हे मला काकांनी परत येताना रिक्षात सांगितलं. डिसेंबर 2006 ला पुण्यात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी, म्हणजे बसला वेगळी लेन, सुरू झाली तीही त्याच काळातली, तेव्हा मी नोकरीला नुकती लागले होते आणि त्या बसलेनवर सगळ्यात जास्त चिडलेली मीच होते कारण माझ्याकडे नवीकोरी अॅक्टिवा होती. असो.

तर त्या प्रेझेंटेशनमध्ये मी पुढे विचारलं की मग चालणाऱ्या माणसाचा पीसीयू किती? हॉलमध्ये हशा. मी विनोद केला नव्हता. तो मुलगा म्हणाला मॅडम, पादचाऱ्याला पीसीयू नसतो, त्यांची मोजणी वेगळी असते. बरोबरच आहे त्याचं, माणूस काय गाडी आहे का. पण मला त्या क्षणी आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या मावशी आठवल्या आणि मग पुढचं प्रेझेंटेशन मला ऐकूच आलं नाही.

मावशी नऱ्ह्यातून येतात. आमच्याकडे सव्वासातला, मग बी विंगमध्ये दोन घरं, मग पलीकडच्या सोसायटीत एक, मग नातवाला शाळेतून घेऊन परत. नऱ्हे 2021 ला पुणे महापालिकेत आलं, त्या 23 गावांबरोबर. मधे हायवे आणि त्याचे सर्व्हिस रोड, नवले पुलाचं नाव तर पेपरात अपघातांसाठीच येतं, सगळ्यांना माहितीये. सर्वेक्षणवाले घरी आले तर विचारणार कामाला कुठे जाता, कशाने जाता. मावशी काय सांगणार? चार घरं, एक शाळा, अर्धं चालत, अर्धं रिक्षा, कधी मुलगा सोडतो. एका ओळीच्या फॉर्ममध्ये हे बसतच नाही. माझं कसं सोपं, घर ते ऑफिस, स्कूटर, संपलं. मी अर्धा पीसीयू तरी आहे.

(लोक म्हणतील बाईला कामवालीचा पुळका आलाय. आला असेल. ती अर्धा तास उशिरा आली की माझं ऑफिसचं पंचिंग चुकतं हा स्वार्थ पण आहेच त्यात.)

गुरुवार-शुक्रवार मी नुसतं वाचत होते. काकांनी इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांबद्दलच्या मार्गदर्शक सूचना पाठवल्या, 2012 च्या. फूटपाथवर चालायला किमान 1.8 मीटर मोकळी जागा हवी असं त्यात आहे, मी आमच्या इथे मुलाची टेप घेऊन मोजलं, विजेचा डीपी बॉक्स, झाडाचा पार आणि फ्लेक्सचा खांब सोडून किती उरतं ते मी लिहीत नाही, प्रत्येकाने आपापल्या दारात मोजावं. पण त्यातली एक गोष्ट मात्र मला इतकी आवडली की मी नवऱ्याला झोपेतून उठवून सांगितली. सिग्नलचं वगैरे क्रॉसिंग कुठे द्यायचं त्याचं एक सूत्र आहे, पीव्ही स्क्वेअर म्हणतात. तासाला रस्ता ओलांडणारी माणसं गुणिले गाड्यांच्या आकड्याचा वर्ग. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर हे उत्तर 10 कोटीच्या वर गेलं की तिथे क्रॉसिंगची सोय पाहिजे, दुभाजक असेल तर 20 कोटी. ऐकायला भयंकर वाटतं पण करून बघा. तासाला हजार गाड्या आणि शंभर माणसं, की झाले 10 कोटी. गाड्या दोन हजार झाल्या तर पंचवीस माणसं पुरतात! म्हणजे मी ज्या गणितावर दोन दिवस दात ओठ खात होते ते गणित आमच्याच बाजूचं निघालं. फक्त आमच्या कोपऱ्यावर उभं राहून ते कुणी केलं असेल असं वाटत नाही.

म्हणून काल, शनिवारी सकाळी साडेसहा ते साडेसात, मी, काका आणि माझा नववीतला मुलगा (त्याला नंतर मिसळ कबूल केली होती) सर्व्हिस रोडला उभे. काकांनी पद्धत शिकवली, पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन पाडायचे, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, एकाने फक्त गाड्या, दुसऱ्याने फक्त माणसं, बोलायचं नाही. थंडीत बोटं आखडली होती. पहिल्या चौकोनातच माझं चुकलं, ट्रिपल सीट गेली आणि मी तीन रेघा मारल्या, मुलगा ओरडला आई गाडी मोज माणसं नको. घ्या, म्हणजे मी पण शेवटी तेच करत होते.

तासाभरात गाड्या चौदाशेच्या आसपास, ओलांडणारी माणसं एकसष्ट. चौदाशेचा वर्ग गुणिले एकसष्ट, अकरा कोटी पंच्याण्णव लाखाच्या वर. बसलं! मी तिथेच टपरीवर उडी मारली जवळजवळ. काका शांतपणे म्हणाले, एका तासावर कोण विश्वास ठेवणारे, संध्याकाळी पण मोजावं लागेल आणि कामाच्या दिवशी मोजावं लागेल, शनिवार कसला धरतेस. बरोबर आहे त्यांचं पण दोन मिनिटं आनंद करू द्यायचा ना.

आणि एक गोष्ट त्या एकसष्टमध्ये मला खुपत होती. मावशी त्यात नव्हत्या. सव्वासातला त्या माझ्या घरी असतात तर मग त्या सातच्या आत इथून ओलांडायला पाहिजे होत्या, मी डोळे फाडून बघत होते. घरी आल्यावर विचारलं मावशी आज कुठून आलात, तर म्हणाल्या, "तिथनं कोण येतंय ताई, तिथनं जीव मुठीत धरून पळावं लागतं. मी आदल्या स्टॉपवरच शेअर रिक्षात बसते, ती पुलाखालनं वळसा घालून आणते." जायचे वीस, यायचे वीस. आणि त्यांच्या चाळीतल्या अजून पाच-सहा जणी पण तसंच करतात. एकीने तर आमच्या बाजूची कामंच सोडली, तिकडेच बघितली कमी पैशात.

मी हातात लाटणं घेऊन उभीच राहिले. म्हणजे रस्ता जेवढा भीतीचा तेवढी ओलांडणारी माणसं कमी, आणि माणसं कमी तेवढं सूत्राचं उत्तर लहान, आणि उत्तर लहान म्हणजे इथे क्रॉसिंगची गरज नाही. जे पळत का होईना ओलांडतात ते मोजले जातात. ज्यांनी घाबरून नाद सोडला ते रिक्षाच्या पीसीयूमध्ये जातात, वाहतूक म्हणून! उद्या मेट्रोचं स्टेशन झालं की तिथेही कुणीतरी मोजेल आणि म्हणेल नऱ्ह्याकडून पायी येणारे फारसे नाहीत.

हे मला लिहून द्यायचंय. काकांना म्हंटलं हरकत म्हणून लिहू का, ते म्हणाले हरकत नाही, सूचना म्हणून लिही. मी हसले पण त्यांचा मुद्दा खरा होता. हरकत म्हणजे तुमचं चुकलं, मग समोरचा बचावाला बसतो. आणि 'वाहतुकीची समस्या गंभीर आहे' अशी सुरुवात अजिबात नको म्हणाले, ते त्यांनाही माहितीये. जागा लिही, वेळ लिही, आकडा लिही, काय हवंय ते एका वाक्यात लिही. एका पत्रात एकच मागणी. माझ्या पहिल्या मसुद्यात अकरा मागण्या होत्या, त्यात बसथांब्याला पंखा पण होता.

रात्री जेवताना नवऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, याने होणार काय. त्याचं पण चूक नाही. पीएमआरडीएच्या, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, 2021 च्या प्रारूप विकास आराखड्यावर साठ हजारांपेक्षा जास्त हरकती-सूचना आल्या होत्या, सुनावण्या झाल्या, आणि 2025 मध्ये आराखडाच रद्द झाला. साठ हजार लोकांनी कागद काढले, झेरॉक्स मारल्या. माझ्याकडे याला उत्तर नाहीये. मी एवढंच म्हणाले की महापालिकेच्या नागरिकांच्या अंदाजपत्रकात मागे आपण कोपऱ्यावरच्या फूटपाथला उतार मागितला होता, पाच लाखांच्या आतलं काम म्हणून, तो झाला की नाही? आईंची वॉकर आता त्यावरून जाते. तो म्हणाला उतार वेगळा आणि हायवे वेगळा. खरंय. मग त्याने स्वतःच मसुदा ओढून घेतला आणि दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, क्रॉसिंगऐवजी 'पादचारी ओलांडणी' लिहिलं, ते मी परत खोडलं. कुणालाच कळणार नाही ते.

मागे एकदा एका कार्यालयात मी पत्र दिलं होतं आणि पोच घ्यायची विसरले होते, महिन्याने गेले तर असं पत्रच आलं नाही म्हणाले. तेव्हापासून शिकले, दोन प्रती, एका प्रतीवर आवकचा शिक्का आणि नंबर, तारखेसकट, मोबाईलमध्ये फोटो.

आज दुपारी मावशी सुट्टी असून आल्या, मीच बोलावलं होतं. मी त्यांना पत्र वाचून दाखवलं. त्या पीव्ही स्क्वेअरला थांबल्या, ते काय म्हणाल्या, मी सांगितलं, त्या म्हणाल्या बरं. मग विचारलं, यात मी आदल्या स्टॉपवरून रिक्षा करते ते लिहिलंय का? लिहिलं होतं पण 'काही महिला' असं. त्या म्हणाल्या "काही महिला कशाला, आम्ही सहा जणी आहोत, सहा लिहा ना." खोडून सहा लिहिलं. मग म्हणाल्या रोज चाळीस रुपये पण लिहा. तेही लिहिलं. मी दोन दिवस कागद काळे करत होते आणि पत्रातल्या सगळ्यात भक्कम दोन संख्या त्यांनी पाच मिनिटांत दिल्या.

सह्या पण त्याच आणणार आहेत चाळीतून, उद्या संध्याकाळपर्यंत. मंगळवारी सकाळी आणि संध्याकाळी मोजणी परत, या वेळी रिक्षा थांबते त्या स्टॉपवर पण एक माणूस पाहिजे, तिथे कोण उभं राहणार ते ठरत नव्हतं. मावशी म्हणाल्या मी राहते, फक्त त्या दिवशी तुमचं काम नऊला होईल, चालेल ना?

चालेल म्हंटलं. पोळ्या मंगळवारी मला कराव्या लागणार, हे नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.