कॅसलटन: पब उघडा दिसला म्हणजे किचन चालू आहे असं समजू नका

आधी मुख्य मुद्दा सांगते, कारण आमचा अख्खा बुधवार त्यापायी गेला. इंग्लंडमधल्या खेड्यात पबचं दार उघडं असणं आणि तिथे जेवण मिळणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. बार सकाळी अकरा-बाराला उघडतो तो रात्री अकरापर्यंत चालतो, पण किचन आठवड्याच्या मधल्या वारी बऱ्याच ठिकाणी दुपारी दोन-अडीचला बंद होतं ते संध्याकाळी साडेपाच-सहाशिवाय उघडत नाही. हे आम्हाला कोणीही सांगितलं नव्हतं. उलट "गावात पाचसहा पब आहेत, कधीही जा, काही ना काही मिळतंच" असं छातीठोकपणे सांगणारे तिघं भेटले होते. मिळत नाही. वेफर्स मिळतात.

गाव म्हणजे कॅसलटन, डर्बीशरमधलं, पीक डिस्ट्रिक्टच्या मधोमध. आम्ही चौघं होतो, मी, नवरा, बाबा (माझे सासरे, वय 67, राजगड अजूनही आरामात चढतात) आणि शेफिल्डला राहणारी नणंद. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. मंगळवारी किल्ला आणि गुहा बघितल्या, ऊन होतं, सगळं छान झालं, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. किल्ल्याचं तिकीट आहे आणि चढ खडा आहे एवढं लक्षात ठेवा.

बुधवारी सकाळी नणंदेने ठरवलं की ट्रेनने ईडेलला जायचं, तिथून डोंगर ओलांडून चालत कॅसलटनला उतरायचं आणि एक वाजता पबमध्ये जेवायचं. प्लॅन उत्तम आहे, तुम्हीही हाच करा, फक्त आम्ही उतरलो त्या वाटेने उतरू नका. ईडेल स्टेशनजवळच रॅम्बलर इन आहे आणि गावात वर ओल्ड नॅग्ज हेड. पेनाइन वे ही 268 मैलांची, 1965 मध्ये सुरू झालेली पायवाट पूर्वापार याच नॅग्ज हेडपासून सुरू होते असं मानतात. ईडेलहून हॉलिन्स क्रॉसची खिंड आणि तिथून धारेवरून मॅम टॉर, 517 मीटरचा डोंगर. वर दगडी फरशी घातलेली आहे, वारा जबरदस्त, बाकी सोपं. ट्रेकची सवय असलेल्या माणसाला यात सांगण्यासारखं काही नाही.

मॅम टॉरवर आम्ही पावणेबाराला होतो. तिथून गावात सरळ उतरलो असतो तर एकच्या आत टेबलावर बसलो असतो. पण आदल्या रात्री राहिलो होतो तिथल्या एका माणसाने सांगितलं होतं की केव्ह डेलमधून उतरा, सगळ्यात सुंदर वाट, एकदम सोपी, लहान मुलंही जातात. सुंदर आहे हे शंभर टक्के खरं. दोन्ही बाजूंनी चुनखडीचे कडे, मधून अरुंद घळ, आणि शेवटी डोक्यावर किल्ला. पण त्यासाठी आधी पठारावरून मोठा वळसा घालून जावं लागतं, त्यात तासभर गेला, आणि घळीत शिरेशिरेपर्यंत पाऊस लागला.

केव्ह डेल ओलं असताना उतरू नका. याला अपवाद नाही आणि तुमचे बूट कितीही भारी असले तरी उपयोग नाही. चुनखडीचा दगड हजारो पायांनी घासून घासून देवळाच्या उंबरठ्यासारखा गुळगुळीत झालाय आणि त्यावरून पाणी वाहत असतं. सह्याद्रीतला आपला काळा दगड पावसातसुद्धा शेवाळ नसेल तिथे बुटाला धरतो, पलीकडे किंडर पठाराच्या बाजूचा खरखरीत वालुकाश्मही धरतो, हा धरत नाही. मी दोनदा पडले. बाबा एकदाही पडले नाहीत कारण ते पहिल्या दगडावर पाय ठेवताच म्हणाले "हे बसून उतरायचं" आणि खरोखर अर्धा टप्पा त्यांनी बसून, हात टेकत, एकेक दगड चाचपत काढला. जेमतेम पाऊण किलोमीटरच्या त्या टप्प्याला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. नवऱ्याचं मनगट लचकलं ते पुढे आठवडाभर दुखत होतं.

पाऊस असेल किंवा नुकताच पडून गेला असेल तर मॅम टॉरवरून जुन्या तुटलेल्या रस्त्याने उतरा. तो पूर्वीचा ए 625 हायवे, डोंगर सतत घसरत राहिल्यामुळे तो कायमचा बंद झाला, साल 1979. डांबराचे मोठमोठे तुकडे वाकून खाली बसलेत, बघायलाही भारी वाटतं आणि पायाखाली पक्कं आहे. विनॅट्स पासच्या रस्त्याने मात्र चालत जाऊ नका, चढ उभा आहे, रस्ता अरुंद आणि गाड्या अंगावरून जातात.

तर गावात पोचलो दोन चाळीसला. भिजलेले, चिखलाने भरलेले, सकाळी साडेसातच्या टोस्टवर. पहिल्या पबचं दार उघडलं, आत शेकोटी पेटलेली, टेबलाखाली दोन कुत्री झोपलेली, भिंतीवरच्या फळ्यावर खडूने पदार्थांची नावं, आणि बारमागची मुलगी ओल्या फडक्याने तीच नावं पुसत होती. "सॉरी, किचन अडीचला बंद झालं." दहा मिनिटं. शेवटचं नाव तिने आमच्यासमोर पुसलं, मशरूम पाय (वर पिठाचं कवच असलेला भाजलेला पदार्थ). दुसऱ्या पबमध्ये बुधवारी शेफची सुट्टी. तिसऱ्यात साडेपाचनंतर या. सगळे अगदी प्रेमाने बोलले, बसा, गरम व्हा, चहा देतो म्हणाले, पण जेवण नाही म्हणजे नाही. आपल्याकडे हायवेवरच्या धाब्यावर चार वाजता गेलं तरी भाकरी-पिठलं करून देतात ती सवय डोक्यातून काढून टाका.

मग आम्ही भुकेच्या भरात केली ती चूक, एका हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये शिरलो. नाव सांगत नाही कारण हा प्रकार एकाच हॉटेलपुरता नाही, बऱ्याच ठिकाणी चालतो. बसल्या बसल्या वेटरने विचारलं, स्टिल की स्पार्कलिंग, म्हणजे साधं पाणी की बुडबुड्यांचं? नणंद म्हणाली स्टिल. दोन काचेच्या बाटल्या आल्या, साडेपाच पौंडाची एक. चार चीज सँडविच तेरा पौंडाला एक, दोन प्लेट चिप्स साडेपाचने (तिथे चिप्स म्हणजे जाड फ्राइज, आपले वेफर्स म्हणजे क्रिस्प्स), दोघांचा चहा नऊ पौंड. झाले 83. कार्ड टॅप केलं ते 93 पौंड 38 पेन्सचं. बाहेर येऊन पावती वाचली तेव्हा कळलं, 12.5 टक्के सर्व्हिस चार्ज, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलेला. चार सँडविचसाठी! आणि सँडविच थंड होतं.

यावर मी नंतर नीट माहिती काढली, ती अशी. असा सर्व्हिस चार्ज "ऑप्शनल" किंवा "डिस्क्रेशनरी" लिहिलेला असेल तर तो द्यायची सक्ती नाही, पैसे देण्याआधी शांतपणे सांगायचं की काढून टाका, काढतात. दुसऱ्या एका ठिकाणी आम्ही सांगितलं, एका सेकंदात काढला, कोणाचं तोंड वाकडं झालं नाही. सर्व्हिस चांगली मिळाली तर जरूर द्या, ऑक्टोबर 2024 पासून तिथे कायदाच आहे की टिप आणि सर्व्हिस चार्जचे पैसे मालकाने कामगारांनाच द्यायचे. पण मशीन पुढे आलं की टॅप करायच्या आधी आकडा वाचा. आणि पाणी मागताना "टॅप वॉटर" असेच दोन शब्द म्हणा. दारूचं लायसन असलेल्या जागी नळाचं पिण्याचं पाणी मागितलं तर फुकट द्यावंच लागतं, इंग्लंडमध्ये तसा नियम आहे. लाजायचं काही कारण नाही.

पबमध्ये हा सर्व्हिस चार्जचा ताप सहसा नसतो कारण तिथे आपणच बारवर जाऊन ऑर्डर द्यायची, टेबल नंबर सांगायचा, तिथेच पैसे भरायचे. टेबलावर बसून वाट बघत राहिलात तर बराच वेळ कोणी फिरकणार नाही. माझं स्पष्ट मत, या गावात हॉटेलच्या रेस्टॉरंटला जायचं कारणच नाही. पबमध्ये चिखलाचे बूट, कुत्री, ओली जॅकेटं सगळं चालतं आणि जेवण जास्त गरम असतं.

शाकाहारींसाठी दोन गोष्टी, नीट वाचा. आमच्या घरात नवरा आणि बाबा शाकाहारी, अंडं चालतं. मेनूवर व्ही लिहिलेलं असतं पण चिप्स कशात तळतात ते विचाराच, उत्तर इंग्लंडात काही ठिकाणी अजून गाईच्या चरबीत तळतात, ड्रिपिंग म्हणतात त्याला. रविवारच्या रोस्टवरची, म्हणजे भाजलेल्या मांसाच्या जेवणावरची, ग्रेव्हीसुद्धा विचारून घ्या. दुसरी गोष्ट बिअरची. संध्याकाळी नवऱ्याने हँडपंपवरची एल मागवली. बारवाल्याने तो लांब लाकडी दांडा तीनदा सावकाश ओढला, ग्लासात आधी सगळं गढूळ फेसाळ आणि मग खालून वर हळूहळू तांबूस नितळ होत गेलं, बघत राहावं असं. नवरा म्हणाला वा, इतकी नितळ कशी? तर तो बारवाला सहज म्हणाला, माशाच्या पोटातल्या वायूच्या पिशवीपासून केलेलं आयसिंग्लास घालतात ना पिंपात, त्याने गाळ खाली बसतो. नवऱ्याने ग्लास खाली ठेवला तो परत उचलला नाही. सगळ्याच कास्क (पिंपातल्या) बिअरमध्ये ते नसतं, "अनफाइन्ड" किंवा व्हीगन लिहिलेल्याही मिळतात, पण विचारल्याशिवाय कळत नाही. शाकाहारी माणसाने आधी विचारावं.

राहायचं असेल तर बारच्या बरोबर वरची खोली घेऊ नका, अकरापर्यंत आवाज येतो. 29 मे च्या आसपास जाणार असाल तर खोली खूप आधी बुक करा. त्या दिवशी गारलँड डे असतो, घंटेसारखी भलीमोठी फुलांची गारलँड कमरेपर्यंत घातलेला राजा घोड्यावरून निघतो, मिरवणूक गावातल्या पबसमोर थांबत थांबत जाते आणि शेवटी ती गारलँड चर्चच्या टॉवरवर चढवतात. आमचं हुकलं, मला फार वाईट वाटलं. रविवारी जाणार असाल तर दुपारचं टेबल आधीच बुक करा आणि संध्याकाळच्या जेवणाची आशा धरू नका, रोस्ट संपला की बरीच किचन्स आवरतात. परतीसाठी शेफिल्डची 272 नंबरची बस गावातून निघते, शेवटची किती वाजता ते सकाळीच बघून ठेवा. ट्रेनने जायचं तर होप स्टेशन साधारण तीन किलोमीटरवर आहे आणि पोटात काही नसताना ते तीन किलोमीटर फार लांब वाटतात.

गुरुवारी सकाळी दहाला मी त्या पहिल्याच पबला फोन केला. तीनच प्रश्न विचारले, आज किचन चालू आहे का, शेवटची ऑर्डर किती वाजता, चार जणांचं टेबल मिळेल का. एक मिनिटाचं काम. एकला दहा मिनिटं असताना आम्ही शेकोटीजवळ बसलो होतो, बाहेर पुन्हा पाऊस लागला होता, फळ्यावर सगळी नावं होती. बाबांनी मशरूम पाय मागवला, वरचं कवच चमच्याने फोडलं तशी वाफ त्यांच्या चष्म्यावर आली, आणि ते पुढची दहा मिनिटं एक शब्द बोलले नाहीत.