नौपाड्याचा ओटा आणि स्केचअप

मंगळवार, ठाणे

नौपाड्यातल्या जुन्या इमारतींची स्वयंपाकघरं क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमक्या काटकोनात, असतात. डोळ्याला कोपरा सरळ दिसतो, पण प्लास्टरवर प्लास्टर चढलेलं असतं आणि भिंत हळूहळू बाहेर पळते. आजच्या ओट्याचं तेच. एका भिंतीवर कोपऱ्यापासून 900, दुसरीवर 1200 मिमी खूण केली, तर कर्ण 1500 यायला हवा. आला 1515. म्हणजे कोन साधारण 91.2 अंश. ऐकायला किरकोळ वाटतं, पण 2400 मिमीच्या भिंतीवर काटकोनात कापलेला दगड टेकवला तर शेवटच्या टोकाला 50 मिमी फट राहते. डॅडोची (ओट्यामागच्या भिंतीवरची) टाइल आणि तिच्यामागचा माल मिळून वीस-पंचवीस मिमी झाकतात, त्यापुढे नाही. आणि हे माप घ्यायचं ते ओट्याच्या उंचीवर, जमिनीपासून 850 मिमीच्या आसपास. स्कर्टिंगजवळचं माप इथे काही कामाचं नाही.

स्केचअपमध्ये (संगणकावर त्रिमितीय मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) हा कोन उतरवताना बरेच जण कंपासची रीत वापरतात: कोपऱ्यातून 1200 चं वर्तुळ, 900 च्या खुणेवरून 1515 चं वर्तुळ, जिथे छेदतील तिथून भिंत. रीत बरोबर आहे, पण स्केचअपमधलं वर्तुळ खरं गोल नसतं, 24 सरळ तुकड्यांचं असतं. 1515 त्रिज्येला तुकड्याच्या मध्यावर ते खऱ्या वर्तुळापेक्षा तब्बल 13 मिमी आत असतं. छेदबिंदू तिथे पडला की कोन चुकलाच. वर्तुळ काढण्याआधी 360s (म्हणजे 360 तुकडे) टाइप करून एंटर दाबलं की ही तफावत मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्याही आत येते. त्याहून सोपं म्हणजे प्रोट्रॅक्टर (कोन मोजायचं टूल) घ्यावा, 91.2 टाइप करावं आणि मार्गदर्शक रेषेवर भिंत काढावी.

मापापुढे ~ ही खूण दिसली तर थांबावं. दाखवलेला आकडा जवळपासचा आहे, नेमका नाही, एवढंच ती सांगते. मॉडेल इन्फोमधल्या युनिट्समध्ये प्रिसिजन 0.1 मिमी करावं आणि लेंग्थ स्नॅपिंग बंद ठेवावं. ते चालू असलं की माउसने ओढलेली रेषा स्वतःच पूर्णांकावर उडी मारते. गुण्यात नसलेल्या ओट्याला हे फार महागात पडतं.

बुधवार

ओट्याची बाह्यरेषा पूर्ण झाली, तरी फेस, म्हणजे रेषांच्या आतलं पृष्ठ, भरत नाही. ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि त्यावर सगळ्यात जास्त वेळ वाया जातो, कारण लोक तीच रेषा पुन्हा पुन्हा गिरवत बसतात. कारणं दोनच असतात: कुठेतरी फट आहे, नाहीतर एखादा कोपरा बाकीच्यांच्या पातळीत नाही. ओळखायला एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात कर्ण काढावा. दोन्ही बाजू भरल्या तर बिंदू वर-खाली आहे. एकच बाजू भरली तर दुसऱ्या बाजूला फट आहे, किंवा वाकडा बिंदू तिकडे आहे. एल आकाराच्या ओट्याला आतल्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्यात कर्ण काढला की दोन्ही हात वेगळे तपासता येतात. फट शोधायला स्टाइल्समधले एंडपॉइंट्स चालू करावेत. जिथे रेषा संपते तिथे जाड ठिपका दिसतो, आणि नको तिथे ठिपका असला की फट सापडली.

बिंदू वर-खाली असेल तर टेक्स्ट टूलने प्रत्येक कोपऱ्यावर क्लिक करावं, त्याचे निर्देशांक लिहून येतात. तिसरा आकडा सगळीकडे सारखा हवा. एके ठिकाणी 850 आणि दुसरीकडे 850.4 असलं तरी फेस रुसतो. बहुतेक वेळा हे कॅबिनेटच्या कोपऱ्याला स्नॅप केल्यामुळे (रेषा तिथे चिकटवल्यामुळे) होतं, कारण कॅबिनेट वेगळ्या उंचीवर बसलेलं असतं. म्हणून ओटा कॅबिनेटवर गिरवून काढू नये. जमिनीच्या पातळीवर, भिंतीच्या मापांवरून काढावा, ग्रुप करावा (सगळे भाग एकत्र बांधावेत) आणि मग निळ्या अक्षावर (कीबोर्डवरचा वरचा बाण) उचलून जागेवर न्यावा. माझं ठाम मत आहे की ओट्याच्या निम्म्या अडचणी या एका सवयीने जन्मालाच येत नाहीत.

कार्कस (कॅबिनेटचा सांगाडा) 560, शटर (त्याचं दार) 18, मिळून 578. ओटा 600 खोल, म्हणजे 22 मिमी पुढे येतो. मॉडेलमध्ये हे 22 राहू द्यावेत. शटर आणि दगडाची कड एकाच पातळीत आली तर घरात पाणी थेट शटरवर ओघळतं. डॅडोच्या टाइलचं वेगळंच आहे: ती भिंतीच्याच पातळीत काढली तर पडद्यावर दोन रंग एकमेकांत लुकलुकतात. तिला 8 मिमी जाडी दिली की लुकलुकणं थांबतं.

सिंकचा कटआउट, म्हणजे दगडातलं भोक. ग्रुपच्या बाहेरून आयत काढून पुश-पुल (फेस ओढायचं-ढकलायचं टूल) केलं की भोक पडत नाही, वर एक पेटी उभी राहते. आधी ग्रुपवर डबल क्लिक करून आत जावं, मग आयत काढावा आणि 18 मिमी खाली ढकलावा. आकडा नेमका जाडीइतका हवा, 17.9 ला खड्डा होतो. पेड आवृत्तीत सॉलिड टूल्सचं सबट्रॅक्ट (एका ग्रुपमधून दुसरा वजा करणं) आहे. तिथे आधी कापणारा ग्रुप निवडायचा, मग कापला जाणारा. उलट केलं तर ओटाच गायब होतो. टूल चालत नसेल तर एंटिटी इन्फो (निवडलेल्या वस्तूची माहिती) बघावा. तिथे सॉलिड ग्रुप असं लिहिलं नसेल तर आत कुठेतरी जादा रेषा किंवा राहून गेलेला फेस आहे. आतली फुकटची रेषा पुसली की बहुधा काम भागतं.

24 बाय 18 इंची सिंक म्हणजे 610 बाय 457. 600 खोलीतून पुढे 60 मिमी दगड ठेवला तर मागे 83 उरतात. त्यात 35 मिमीचं नळाचं भोक आरामात बसतं. पुढची पट्टी 50 च्या खाली नेऊ नये. सिंक आणखी खोल हवा असा हट्ट झाला की ती पट्टी बारीक होते, आणि दगड इमारतीत चढवताना तिथेच तडकतो. महानगर गॅसची पाइप ओट्यातून वर येत असेल तर तिचं भोकही आत्ताच काढावं, बसवणीच्या दिवशी ग्राइंडरने नाही.

शुक्रवार, नेरूळ

आज फक्त कड आणि दगडाचा पोत.

कडेला 3 मिमीची बारीक गोलाई फॉलो-मीने (आकार मार्गावरून नेणाऱ्या टूलने) फिरवली की कोपऱ्यावर फेस गळतात. पाव वर्तुळाच्या कमानीत मुळात 12 तुकडे असतात, म्हणजे एकेक तुकडा 0.4 मिमीचा. इतक्या बारीक कडांवर स्केचअपचे फेस तुटतात. तुकडे 4 करावेत, किंवा ग्रुप शंभरपट मोठा करून फॉलो-मी चालवावं आणि नंतर 0.01 ने परत आणावा. मार्ग आधी निवडायचा, मग प्रोफाइलवर (फिरवायच्या आकारावर) क्लिक, आणि मार्गात भिंतीकडची कड घ्यायची नाही. 18 मिमीच्या दगडाला पूर्ण गोल कड हवी तर त्रिज्या 9, तिथे ही अडचण सहसा येत नाही.

पोत हलत नाही, उजव्या क्लिकमध्ये टेक्स्चर-पोझिशन दिसतच नाही, याचं कारण मटेरियल ग्रुपला लावलेलं असतं. आत जाऊन थेट फेसला लावावं. काळ्या ग्रॅनाइटला कशानेही चालतं, पण शिरांच्या क्वार्ट्झला मटेरियलच्या रुंदीत फोटोतल्या स्लॅबचं खरं माप टाकावं, नाहीतर तीच शीर दर दोन फुटांवर पुन्हा उगवते. शीर कडेवरून खाली उतरवायची असेल तर त्याच टेक्स्चर मेन्यूतलं प्रोजेक्टेड बंद ठेवून पेंट बकेटमध्ये ऑल्ट दाबून वरच्या फेसचा नमुना घ्यावा आणि उभ्या कडेवर ओतावा. प्रोजेक्टेड चालू राहिलं तर उभ्या कडेवर रंगाचे लांब ओरखडे उमटतात.

आर्किटेक्टकडून आलेलं डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) उघडल्यावर 600 ची खोली 15240 दिसली तर युनिट इंच धरलं गेलं आहे, 25.4 पट. ग्रुपच्या आत जाऊन टेप मेझरने तीच कड मोजावी, 600 टाइप करावं, आकार बदलायचा का विचारलं की हो म्हणावं.

दगडवाल्याला द्यायचा कागद: ओटा एकसंध न ठेवता जिथे सांधा येणार तिथे मॉडेलमध्येच दोन ग्रुप करावेत. टॉवरच्या लिफ्टमध्ये किती लांबीचा तुकडा जातो ते आधी मोजावं. सांधा एलच्या कोपऱ्यात ठेवावा, सिंक किंवा हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या शेगडीच्या) कटआउटमधून नेऊ नये. प्रत्येक तुकड्याच्या चारही बाजू आणि दोन्ही कर्ण लिहावेत, कारण बाजू बरोबर आणि कोन चूक असा दगड कर्णावरच पकडला जातो. कारागीर सुतात (इंचाच्या आठव्या भागात) बोलतो, म्हणून मिमीशेजारी इंच-सूतही लिहावं, 1 सूत म्हणजे सव्वातीन मिमीच्या किंचित आत. क्षेत्रफळ एंटिटी इन्फोतून चौरस मीटरमध्ये मिळतं, त्याला 10.764 ने गुणलं की चौरस फूट. सिंकचा तुकडा त्यातून वजा होऊ देऊ नये, दगड तेवढा लागतोच.