तुम्ही विचारलंत म्हणून : कोकणातल्या घरात कोणतं यंत्र घ्यावं?

गणपतीला गाव भरलं की आमच्या ओटीवर हा प्रश्न हमखास येतो. कोणी मुंबईहून येऊन जुनं घर दुरुस्त करत असतं, कोणी निवृत्त झाल्यावर इथेच राहायचं ठरवलेलं असतं. "काकू, तुम्ही दोघंच. माड-सुपारीचं आगर सांभाळता, आल्यागेल्याचं बघता, तरी दुपारी निवांत वाचत बसलेल्या दिसता. घरात काय काय घेतलंय तुम्ही?" गेल्या गणपतीत तर माझ्या नणंदेची मुलगी मोबाइलवर यादीच घेऊन आली. एकवीस वस्तू होत्या. "मामी, यातलं काय घेऊ आणि काय नको?" आरतीच्या गडबडीत तिला धड उत्तर देता आलं नाही, ते आता देते.

माझं सासर दापोली तालुक्यातलं, केळशी-आंजर्ल्याच्या पट्ट्यातलं. माहेर मात्र मालवणकडचं. तिथे सकाळी उकड्या तांदळाची पेज. आई चुलीवर पेज ठेवून दुसऱ्या कामाला लागायची, पण अर्धं मन चुलीपाशी. विहिरीवरून ओरडायची, "पेज करपतली गो, बघ जा!" मग मी अभ्यास सोडून ढवळायला धावायची. पेज झाली की दूध. दुधानंतर खळ्यात वाळत घातलेलं भात, त्यावर कोंबड्या. दुपारी ढग आला की वलणीवरचे कपडे. हाताने उपसायचं काम तर डोंगराएवढं होतंच, पण आईला खरं बांधून ठेवलं ते या राखणीने. शेताची राखण करतात तशी ती दिवसभर कशाची ना कशाची राखण करत असायची.

हे मला माझा संसार बरीच वर्षं केल्यावर कळलं. कांदा चार मिनिटांऐवजी एका मिनिटात चिरून झाला तर तीन मिनिटं वाचतात आणि ती भांडं घासण्यात जातात. पण ज्या कामाजवळ थांबून राहावं लागतं ते न थांबता होऊ लागलं, तर सबंध सकाळ सुटी होते. म्हणून कोणतीही वस्तू घेताना मी एवढंच बघते, की ही लावून मला आगरात जाता येईल का?

त्यामुळे मी पहिलं नाव मिक्सरचं किंवा वॉशिंग मशीनचं घेत नाही. टाकीतल्या फ्लोटचं घेते. मुठीपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा असतो, त्याला काळी केबल. टाकी रिकामी असली की तो खाली लोंबतो, पाणी चढलं की तरंगत वर येतो आणि कलंडतो. कलंडला की आतली गोळी घरंगळते, वीज तुटते, पंप थांबतो. हजार रुपयांच्या आत येणारी वस्तू, आणि वायरमनचं तासाभराचं काम. आमची टाकी हजार लिटरची. पूर्वी पंप लावला की कान छपराकडे. ओव्हरफ्लोच्या नळीतून पाणी पडायला लागलं की हातातलं टाकून पळायचं. एकदा मे महिन्यात फोनवर बोलत राहिले आणि अर्धा तास पाणी वाहून गेलं. विहिरीत तेव्हा गुडघाभर पाणी होतं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभ्या दगडातून तो निथळून समुद्राला मिळतो आणि मे महिन्यात आपण कळशी मोजतो. त्या दिवशी मला रडू आलं होतं.

टाकीत वर फ्लोट लावलात की विहिरीत खालीही सेन्सर लावा, हे मी आता प्रत्येकाला बजावते. पाण्यात बुडवून ठेवलेल्या सबमर्सिबल पंपाची मोटर भोवतीच्या पाण्यानेच थंड राहते. पाणी उतरलं आणि पंप कोरडा फिरत राहिला की वाइंडिंग जळतं. आमचा एक पंप ऐन उन्हाळ्यात असाच गेला, आणि सुपारीचं शिंपणं आठ दिवस अडलं. खालचा सेन्सर पाणी ठरावीक पातळीखाली गेलं की पंप चालूच होऊ देत नाही. आता सकाळी बटण दाबते आणि विसरते. विसरता येणं किती सुखाचं असतं ते ज्याने टाकी राखली आहे त्यालाच कळेल.

दुसरी वस्तू विकत मिळत नाही, घरी करावी लागते. आंब्याची रिकामी लाकडी पेटी घ्यायची. तळाला आणि चारी बाजूंनी भाताचा पेंढा दाबून भरायचा, मधे पातेलं बसेल एवढी जागा ठेवायची. वर जुन्या गोधडीची घट्ट उशी. भिजवलेला उकडा तांदूळ भरपूर पाण्यात घालून दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळायचा, झाकण न काढता पातेलं पेटीत ठेवायचं, उशी दाबायची आणि निघून जायचं. दीड तासाने पेज तयार, आणि ताटलीत वाढली तरी वाफा येतात. पेंढ्यात हवा अडकलेली असते, ती उष्णता बाहेर जाऊ देत नाही. करपायचा प्रश्नच नाही, कारण खाली जाळ नाही. पातेलं मात्र जवळजवळ भरलेलं हवं, अर्धं रिकामं ठेवलं तर लवकर निवतं. आई माझ्याकडे राहायला आली की अजून दर वीस मिनिटांनी उशी उचलून बघते. साठ वर्षांची सवय आहे तिची.

कुकरबद्दल नवीन काय सांगणार, असं वाटेल. पण तोही बहुतेक घरांत राखावाच लागतो, कारण आपण शिट्ट्या मोजत बसतो. कुकरच्या वजनाखाली वाफ कोंडली की आतलं पाणी शंभरऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून डाळ लवकर शिजते. पूर्ण दाब आला की गॅस बारीक करायचा. आच मोठी ठेवून शिट्ट्या वाढतात, उष्णता वाढत नाही, नुसती वाफ आणि गॅस वाया. मग शिट्ट्या कशाला मोजायच्या? पहिली शिट्टी झाली की आच बारीक आणि मिनिटांचा गजर. गजर खिशातल्या फोनवर लावला की मी गोठ्यात असले तरी चालतं. वर्षाला रबर बदलायचं, आणि सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचा घ्यायचा. तिथे पैसे वाचवू नयेत. इंडक्शन शेगडी मला आवडते ती याचसाठी, की वेळ लावली की ती आपणहून बंद होते. पण ती लाइटवर अवलंबून.

आणि लाइटचं आपल्याकडे काय होतं ते ३ जून २०२० रोजी सगळ्यांनी पाहिलं. निसर्ग वादळात आमच्या आगरातली निम्म्याहून जास्त सुपारी आडवी झाली, माडांचे शेंडे पिळवटले गेले, विजेचे खांब रस्त्यावर. कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. आमच्याकडे लाइट यायला जवळजवळ महिना लागला. इन्व्हर्टरने पहिली रात्र काढली आणि संपला, कारण पुन्हा चार्ज कशावर करणार? फ्रिज कपाट झाला. त्या दिवसांत घरात कोण उपयोगी पडलं? कुकर. पेंढ्याची पेटी. टेबलावर चिकटून बसणारी, दांडा फिरवून नारळ खवायची खवणी. सासऱ्यांनी काढू न दिलेला विहिरीवरचा रहाट. आणि एका मैत्रिणीने पाठवलेला, खेड्यांसाठी तंत्रज्ञान करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' या संस्थेचा सराई कुकर, ज्यात शंभरेक ग्रॅम कोळशाच्या कांड्यांवर वरण-भात-भाजी एकदम वाफेवर होते. पेटवून ठेवला की त्याच्याकडेही बघावं लागत नाही. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक कामाला विजेशिवायची एक वाट मी राखून ठेवली आहे. नवीन घर बांधताना जुना पाटा-वरवंटा टाकून देऊ नका.

वीज वाचवणारी एक गोष्ट मात्र लगेच करा. जुने पंखे बदला. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो, नवे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या मोटरचे) पंखे तिशीच्या घरात. तीन जुने पंखे सव्वादोनशे वॅट, तीन नवे नव्वद. कोकणच्या दमट हवेत पंखा रात्रंदिवस फिरतो, म्हणजे बिलात फरक दिसतोच. पण मोठा फायदा हा, की त्याच बॅटरीवर इन्व्हर्टर दुपटीहून जास्त वेळ चालतो. आणि छपरावर सौर पॅनल बसवणार असाल तर विचारून घ्या. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण नुसती ऑन-ग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट बाहेरच्या लाइनला, जोडणी केलीत तर बाहेरची लाइट गेल्यावर तुमची सौर वीजही बंद होते. खांबावर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती तशीच केलेली असते. अंधारात उजेड हवा असेल तर बॅटरीसह हायब्रिड जोडणी लागते. आमच्या शेजाऱ्यांना हे कोणी सांगितलंच नव्हतं. भर उन्हात लाइट गेली आणि पॅनल असून घर बंद पडलं, तेव्हा समजलं.

सोलर हीटर घ्या, मात्र काचेच्या नळ्या माडाखाली येणार नाहीत अशा जागी. पावसाळ्यात तो झोपतो, तेव्हा न्हाणीघरातल्या बंबात नारळाची सोडणं आणि करवंट्या घालायच्या.

वॉशिंग मशीनचं उत्तर ऐकून लोकांना नवल वाटतं. मी सेमी-ऑटोमॅटिक सांगते. आम्ही आधी पूर्ण ऑटोमॅटिक घेतलं होतं. टाकी जेमतेम छपराएवढी उंच, त्यामुळे पाण्याला दाब नाही. मशीन पाणी भरायची वाट बघत तसंच थांबायचं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचं सर्किट बोर्ड गेलं. खारी दमट हवा आणि आत शिरलेल्या मुंग्या. दुरुस्तीचा माणूस यायला अठरा दिवस लागले. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये बादलीने पाणी ओतलं तरी चालतं आणि बिघाड गावातला माणूस काढतो. त्याचा ड्रायर मिनिटाला १३००च्या आसपास फेरे घेतो. जुलै महिन्यात पडवीतल्या वलणीवर चार-चार दिवस ओले राहून कुबट वास येणारे कपडे पंख्याखाली एका रात्रीत वाळतात. हाताने धुवायची सवय असेल त्यांनी नुसता ड्रायर घ्यावा. लाल मातीचे डाग तसेही आधी घासावेच लागतात.

मिक्सरविषयी थोडंसं. १९६३ साली सत्यप्रकाश माथुर या अभियंत्यांनी सुमीत मिक्सर काढला तो आपल्या स्वयंपाकासाठी, कारण बाहेरच्या देशांतल्या मिक्सरना आपलं वाटण आणि सुकी डाळ झेपत नव्हती. आईकडे तो आला तेव्हा तिचा पाट्यावरचा तास सुटला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मिक्सर अचानक बंद पडला तर लगेच दुकानात नेऊ नका. उलटा करा. तळाला एक लहान बटण असतं. घट्ट वाटणाने मोटरवर ताण आला की ते आपणहून बाहेर येतं. प्लग काढून दहा मिनिटं थांबा, वाटणात थोडं पाणी घाला, बटण आत दाबा. गेल्या वर्षी वाडीतल्या तीन घरांतले "जळलेले" मिक्सर मी असे चालू करून दिलेत.

आता, पोरी, तुझ्या त्या यादीतल्या बाकीच्या वस्तू. फरशी पुसणारा रोबो नको, आपल्या घरांचे उंबरे त्याला ओलांडता येत नाहीत. भाकरी करायचं यंत्र नको. मासे साफ करायला एक दणकट कात्री मात्र घेच, पर आणि शेपट्या सुरीपेक्षा सुरक्षित निघतात. दारात हापूसची दोन झाडं आहेत, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा, आंबे उतरवायचा नूतन झेला घे. तो आंबा देठासकट कापतो, त्यामुळे चीक सालीवर ओघळून डाग पडत नाही.

आणि तू घर आठ महिने बंद ठेवणार आहेस, म्हणून अजून एक. कोकणात वापरातल्या यंत्रापेक्षा पडून राहिलेलं यंत्र लवकर मरतं. मोटर फिरत राहिली की तिच्या उबेने दमटपणा निघून जातो. पडून राहिली की गंज, मुंग्या, पाली. जाताना फ्रिज पुसून, प्लग काढून, दार कापडाची गुंडाळी अडकवून उघडं ठेव. मिक्सर नेता आला तर ने. पंप महिन्यातून एकदा पाच मिनिटं चालवायला शेजारी कोणाला तरी सांग, आणि त्यासाठी किल्ली त्यांच्याकडे दे.

राखणीचं एक काम अजून माझ्याकडून सुटलेलं नाही. मे महिन्यात रातांब्याची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायची असतात, आणि एक अवकाळी सर आली की सगळ्या आमसुलांना बुरशी. जुन्या खिडकीची काच, खाली जाळी आणि काळा रंग दिलेली पेटी असा एक वाळवणीचा डबा यंदा सुताराकडून करून घेतला. त्यात कावळा शिरत नाही, पाऊस शिरत नाही, पण मावतात दोन किलोच. बाकीच्यांना मीच राखतेय, ओटीवर काठी घेऊन. हे सगळं तिथेच बसून लिहिलं.