लाकडी पायाची नायिका आणि पिरेनीजची वाट

कुमारवयीन वाचकांसाठी लिहीत असलेल्या कादंबरीतले डोंगर ओलांडण्याचे प्रकरण आज हातात घेतले. काळ १९४२ च्या नोव्हेंबरचा, ठिकाण फ्रान्स आणि स्पेन यांच्यामधली पिरेनीज पर्वतरांग. नायिका सोळा वर्षांची आहे आणि तिचा डावा पाय गुडघ्याखाली लाकडी आहे. ११ नोव्हेंबरला जर्मन सैन्याने दक्षिण फ्रान्सही व्यापल्यामुळे तिला पलीकडे पोचण्यावाचून गत्यंतर नाही. मसुदा वाचून मैत्रिणीने शंका काढली, की जिथे धडधाकट माणसे थकून बसत, तिथून लाकडी पायाची मुलगी चालत गेली हे मुलांना पटेल का?

शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर मला कल्पनेतून काढावे लागत नाही, कारण त्याच महिन्यात व्हर्जिनिया हॉल ही अमेरिकन स्त्री तीच पर्वतरांग पायी ओलांडून गेली होती. १९३३ मध्ये तुर्कस्तानात शिकारीला गेली असताना स्वतःच्याच बंदुकीचा बार लागून तिचा पाय कापावा लागला. त्या कारणावरून तिच्या देशाच्या परराष्ट्र सेवेने तिला अधिकारीपद नाकारले; ब्रिटिशांच्या गुप्त संघटनेने मात्र १९४१ मध्ये तिला फ्रान्सला धाडले. लाकडी पायाचे नाव तिने ‘कथबर्ट’ ठेवले होते. कथबर्ट त्रास देतो आहे असे तिने लंडनला कळवले, तेव्हा तिकडच्या माणसाने तो कुणी सहकारी समजून, तसे असेल तर त्याला संपवून टाका, असे उत्तर पाठवले. (हा प्रसंग मी रचला असता तर ओढूनताणून आणलेला विनोद म्हणून संपादकाने खोडला असता.)

मला त्याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. गेस्टापो, म्हणजे नाझी जर्मनीचे गुप्त पोलीस, ‘लंगडणारी बाई’ म्हणून तिच्या मागावर होते, म्हणजे तिची चाल हीच तिची ओळख झाली होती. १९४४ मध्ये ती पुन्हा फ्रान्समध्ये आली ती म्हातारीच्या वेषात, पिकवलेल्या केसांनी आणि पाय ओढत. म्हातारी बाई पाय ओढतच चालणार, तेव्हा लंगडण्याचा संशय कुणाला यावा? साहसकथेत वेषांतर नेहमीचेच, पण हे वेषांतर त्या पायामुळेच सुचलेले आहे. माझ्या नायिकेची युक्तीही अशीच तिच्या शरीरातून निघाली पाहिजे. नाहीतर लाकडी पाय पहिल्या पानावर दया मिळवण्यापुरता येतो आणि पाठलाग सुरू झाला की लेखकच त्याला विसरतो.

म्हणून आजचा बराच वेळ मोज्यांवर गेला. कापलेल्या पायाचा उरलेला भाग दिवसभराच्या चालण्याने थोडा आकसतो, कृत्रिम पाय सैल होतो, कातडी घासून सोलवटते. त्यावर उपाय म्हणजे वरून आणखी एक लोकरी मोजा चढवणे. आता हे अंधारात, बर्फात, बधिरलेल्या बोटांनी चामड्याचे पट्टे सोडून करायचे आहे, आणि वाटाड्याला तर गस्तीच्या वेळा चुकवण्यासाठी थांबायचेच नाही. ओले मोजे ती सदऱ्याच्या आत पोटाशी धरून सुकवते. बरोबरच्या मुलाची पावले गारठून निकामी व्हायला लागतात तेव्हा आपला शेवटचा कोरडा मोजा त्याला द्यायचा की नाही, हा या प्रकरणातला खरा पेच आहे.

त्या मुलाने तिला पाठीवर घेऊन खिंड पार करावी, अशी मैत्रिणीची सूचना होती. ती मी घेणार नाही. एक तर त्या थंडीत तो स्वतःलाच जेमतेम ओढतो आहे, आणि दुसरे म्हणजे तसे केले तर कथा त्याची होते.

उतरणीचा भाग अजून लिहायचा आहे. लाकडी घोटा वाकत नाही, त्यामुळे चढापेक्षा उतारच तिला जड जाणार. म्हणून सीमारेषेवर प्रकरण संपवण्याचा मोह आवरून स्पेनच्या बाजूची वाट सविस्तर घेईन. हॉललाही पलीकडे पोचल्यावर प्रवेशाचा शिक्का नाही म्हणून आधी तुरुंगातच टाकले होते.