हाइव्हवर मराठीत लिहायचं असेल तर: चाव्या, आरसी आणि हातात येणारे पैसे

क्रिप्टोकडे बरेचजण किमतीच्या आलेखातून येतात. लिहिणाऱ्यांसाठी एक दुसरी वाट आहे: एकही रुपया न गुंतवता, लिहून आणि इतरांचं वाचून ब्लॉकचेनशी ओळख करून घेण्याची. त्या वाटेवरची एक जुनी आणि अजून चालू असलेली साखळी (म्हणजे ब्लॉकचेन, व्यवहारांची जाहीर नोंदवही) म्हणजे हाइव्ह. तिची मुळं २०१६ मध्ये सुरू झालेल्या स्टीममध्ये आहेत, आणि २०२० मध्ये ती स्टीममधून फुटून वेगळी झाली. इथे काय कसं चालतं आणि कुठे फसायला होतं, ते लिहितो.

आधी खातं. नाव ३ ते १६ अक्षरांचं, लहान इंग्रजी लिपीतलं, अक्षराने सुरू होणारं; मध्ये आकडे, टिंब किंवा आडवी रेघ (हायफन) चालते. हे नाव पुढे कधीच बदलता येत नाही, तेव्हा घाईत काहीतरी टाकू नका. साखळीवर नवं खातं उघडायची फी ३ हाइव्ह आहे (साखळीच्या नाण्याचंही नाव हाइव्हच), पण जुन्या वापरकर्त्यांना त्यांच्या साठलेल्या आरसीतून (वापराच्या कोट्यातून, त्याबद्दल पुढे) खात्यांची कुपनं मिळवता येतात, त्यामुळे इसेन्सीसारख्या ॲपवरून किंवा ओळखीच्या माणसाकडून खातं फुकटही निघतं. एकदा नाव मिळालं की पीकडी, इसेन्सी, हाइव्ह डॉट ब्लॉग या सगळ्या ठिकाणी तेच चालतं. एका ठिकाणी लिहिलेलं दुसरीकडे दिसतं, कारण मजकूर त्या साइटकडे नसतो, साखळीवर असतो.

खातं उघडताना एक मास्टर पासवर्ड मिळतो आणि त्यातून चार चाव्या तयार होतात. पोस्टिंग चावीने लिहिणं, प्रतिक्रिया देणं आणि मत देणं होतं. ॲक्टिव्ह चावीने पैसे हलतात. मेमो चावी गुप्त निरोपांसाठी असते. ओनर चावीने बाकीच्या सगळ्या चाव्या बदलता येतात. रोजच्या वापरासाठी पोस्टिंग चावी पुरते. हाइव्ह कीचेन हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन घ्या (मोबाइल ॲपही आहे), त्यात पोस्टिंग आणि ॲक्टिव्ह या दोनच चाव्या भरा. मास्टर पासवर्ड आणि ओनर चावी कागदावर लिहून दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. फोनमधला स्क्रीनशॉट आपोआप क्लाउडवर चढतो, म्हणून तो नको. खासगी चावी ५ या आकड्याने सुरू होते आणि ५१ अक्षरांची असते. लिहून काढल्यावर त्या कागदावरूनच एकदा टाइप करून लॉगिन होतं का ते बघा. लहान-मोठ्या अक्षरांत गोंधळ झाला असेल तर तो त्याच दिवशी कळलेला बरा.

‘पासवर्ड विसरलात?’ असं बटण इथे नाही. ‘अकाउंट रिकव्हरी’ नावाची सोय आहे आणि लोक तिचा हमखास चुकीचा अर्थ घेतात. ती चोरीसाठी आहे, विसरण्यासाठी नाही. चोराने तुमची ओनर चावी बदलली, तर तुमच्या रिकव्हरी खात्याने नवी चावी सुचवायची आणि तुम्ही २४ तासांच्या आत जुनी व नवी अशा दोन्ही चाव्यांनी सही करायची. जुनी चावी गेल्या ३० दिवसांत चालू असलेली हवी. म्हणजे जुनी चावी हाताशी नसेल तर काहीच होत नाही. रिकव्हरी खातं म्हणून कोण नेमलंय ते वॉलेटच्या पानावर दिसतं. ते बदलता येतं, पण बदल लागू व्हायला ३० दिवस जातात, त्यामुळे हे काम पहिल्याच आठवड्यात उरकावं. ज्यांची खाती २०२० पूर्वी स्टीमिटवरून (स्टीमच्या मूळ साइटवरून) उघडली आहेत त्यांनी तर आजच बघावं. त्यांच्याकडे रिकव्हरी खातं म्हणून स्टीम हेच नाव असण्याची शक्यता मोठी, आणि त्या खात्याकडून हाइव्हवर मदत येणार नाही.

आता लिहायला बसलात की पहिला अडथळा आरसीचा. रिसोर्स क्रेडिट्स म्हणजे साखळी वापरायचा कोटा. प्रत्येक पोस्ट, प्रत्येक मत त्यातून वजा होतं आणि रिकामा कोटा ५ दिवसांत पुन्हा भरतो. गॅस फी, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला पैसे, हा प्रकार इथे नाही, त्याऐवजी हा कोटा आहे, आणि तो तुमच्या हाइव्ह पॉवरवर (गुंतवून ठेवलेल्या हाइव्हवर) ठरतो. नव्या खात्यात पॉवर जवळजवळ नसते. दोन-तीन पोस्टी आणि चार प्रतिक्रिया टाकल्या की ‘आरसी अपुरे’ असा संदेश येतो आणि माणसाला वाटतं ॲप बिघडलं. ऑक्टोबर २०२२ च्या हार्डफोर्कनंतर (साखळीच्या नियमांतल्या बदलानंतर) आरसी दुसऱ्याला उसने देता येतात. एखाद्या कम्युनिटीत सरळ मागा, देणारे असतात.

मराठीत लिहिणाऱ्याला इथे एक गोष्ट माहीत असायलाच हवी. कोटा शब्दांवर नाही, बाइटवर मोजला जातो. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट. ‘क्षि’ हे दिसायला एक अक्षर, पण आत क, हलन्त, ष आणि वेलांटी, १२ बाइट. तेवढ्याच लांबीचा मराठी लेख इंग्रजीपेक्षा जास्त आरसी खातो तो यामुळे. एका व्यवहाराची मर्यादा साधारण ६४ किलोबाइट आहे. मराठी शब्द सरासरी सहा चिन्हांचा धरला तर एका पोस्टमध्ये सव्वातीन-साडेतीन हजार शब्दांच्या पुढे जाता येत नाही. दिवाळी अंकातल्या लांबीचा लेख टाकायचा असेल तर तो आधीच दोन भागांत तोडा. ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर चूक आली आणि मसुदा उडाला, हे होऊ नये म्हणून मूळ प्रत कायम आपल्या मशीनवर ठेवा.

छायाचित्रं साखळीवर नसतात. ती वेगळ्या सर्व्हरवर असतात आणि पोस्टमध्ये फक्त दुवा जातो. तो सर्व्हर उद्या बंद पडला तर मजकूर राहील, चित्र जाईल. मजकुराचं मात्र उलट आहे. पोस्ट संपादित करता येते, पण आधीची प्रत जुन्या ब्लॉकमध्ये तशीच राहते आणि कुणालाही काढता येते. दर ३ सेकंदांनी एक ब्लॉक बनतो. एकदा तुमचा मजकूर त्यात गेला की गेला. फोन नंबर, घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव यातलं काहीही लिहू नका. हा नियम मी सगळ्यांत वर ठेवतो, पैशांच्याही वर.

पैसे येतात कुठून, हे कुणी नीट सांगत नाही म्हणून थोडं थांबून सांगतो. जाहिरातीतून येत नाहीत. साखळी नवी नाणी छापते. या छपाईचा दर २०१६ अखेर वर्षाला साडेनऊ टक्के होता, तो दर अडीच लाख ब्लॉकमागे ०.०१ टक्क्याने उतरतो आणि ०.९५ टक्क्यावर थांबणार आहे. नव्या नाण्यांतली ६५ टक्के लेखक आणि मतदारांच्या वाट्याला, १५ टक्के हाइव्ह पॉवर धरून ठेवणाऱ्यांना, १० टक्के विटनेसना (ब्लॉक बनवणाऱ्यांना) आणि १० टक्के विकासनिधीला जातात. म्हणजे तुमच्या पोस्टला मिळालेली रक्कम ही बाकीच्या सगळ्या नाणेधारकांच्या वाट्यात किंचित घट करून आलेली असते. डाउनवोट (मानधन कमी करणारं उलटं मत) का असतं याचं उत्तर इथेच आहे. उचललेला मजकूर, दुसऱ्याची चित्रं श्रेय न देता लावणं, यंत्राकडून लिहून घेतलेले ढीगभर लेख यांना मिळालेलं मानधन इतर लोक मत देऊन खाली आणतात, आणि मला ते योग्य वाटतं. आपलं मूळ लेखन असेल आणि चित्राखाली स्रोत असेल तर सहसा कुणी वाकड्यात जात नाही.

पोस्टवर मतं ७ दिवस गोळा होतात आणि त्यांवर मानधन ठरतं. समजा सातव्या दिवशी खाली ४ डॉलर दिसतायत. त्यातले २ मत देणाऱ्यांचे. उरलेले २ तुमचे, आणि नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यातला अर्धा भाग एचबीडी या डॉलरशी बांधलेल्या नाण्यात, अर्धा हाइव्ह पॉवरमध्ये मिळतो. हातात खर्चायला आला १ एचबीडी. काही ॲप लाभार्थी म्हणून स्वतःचा टक्का लावतात, तो प्रकाशित करण्याआधी सेटिंगमध्ये दिसतो. ०.०२ डॉलरच्या खाली राहिलेली पोस्ट शून्य धरली जाते. हा दिसणारा आकडा सात दिवसांत वरखाली होतो, कारण तो मतांबरोबर गेल्या साडेतीन दिवसांच्या मध्यम भावावरही अवलंबून असतो. सकाळी ५ दिसले म्हणून हिशेब करून बसू नका.

मतदानाची ताकद रोज २० टक्के भरते आणि पूर्ण मत दिल्यावर २ टक्के खर्च होते. म्हणजे दिवसाला दहा पूर्ण मतं. पोस्ट आल्यापासून पहिल्या २४ तासांत दिलेल्या मतांना मतदाराचा वाटा पूर्ण मिळतो, नंतर तो कमी होत जातो. सुरुवातीला तुमच्या मताची किंमत नगण्य असेल, पण वाचून लिहिलेल्या प्रतिक्रियेची तशी नसते. ओळखी तिथूनच होतात.

हाइव्ह पॉवर म्हणजे गुंतवून ठेवलेलं हाइव्ह. ती मोडायला लागलात की रक्कम १३ आठवड्यांत, दर आठवड्याला एक हप्ता अशी सुटते. हे अनेकांना जाचक वाटतं. मला ते कुलूप वाटतं: चोराच्या हाती ॲक्टिव्ह चावी लागली तरी त्याला सगळं एका रात्रीत नेता येत नाही. मोकळं हाइव्ह आणि एचबीडी यांना हे संरक्षण नाही, म्हणून ती ‘सेव्हिंग्ज’मध्ये टाका. तिथून काढायला ३ दिवस लागतात आणि मधल्या काळात व्यवहार रद्द करता येतो. सेव्हिंग्जमधल्या एचबीडीवर व्याजही मिळतं. २०२२ मध्ये ते २० टक्क्यांपर्यंत होतं, पण हा दर विटनेस ठरवतात आणि तो बदलतो. बँकेच्या ठेवीसारखा विमा त्यामागे नाही.

हे विटनेस कोण, आणि त्यांना मत का द्यायचं, हे २०२० मध्ये सगळ्यांना कळलं. ब्लॉक बनवण्याचं काम मतांनी निवडलेले पहिले २० आणि आळीपाळीने येणारा एक असे २१ जण करतात. फेब्रुवारी २०२० मध्ये ट्रॉन या दुसऱ्या साखळीच्या जस्टिन सनने स्टीममागची स्टीमिट ही कंपनी विकत घेतली, आणि तिच्याबरोबर तिच्याकडचा नाण्यांचा मोठा साठाही. त्या साठ्याने मतदान होऊ नये म्हणून तेव्हाच्या विटनेसनी तो गोठवला. २ मार्चला बायनान्स, हुओबी आणि पोलोनिएक्स या एक्सचेंजांकडे (नाण्यांची खरेदी-विक्री होते त्या कंपन्यांकडे) पडलेली ग्राहकांची नाणी पॉवर अप होऊन, म्हणजे गुंतवली जाऊन, मतदानात उतरली आणि वरचे सगळे विटनेस एका झटक्यात बदलले. ज्यांची नाणी होती त्यांना विचारलंही गेलं नाही. समाजाने स्टीमचा कोड घेतला, २० मार्चला नवी साखळी सुरू केली आणि तिचं नाव हाइव्ह ठेवलं.

त्या अनुभवातून नियम बदलले. नव्याने पॉवर अप केलेल्या नाण्यांना आता विटनेस निवडताना ३० दिवस मत नाही, आणि वर्षभर हात न लावलेली मतं आपोआप गळतात. तुमच्याकडे ३० विटनेसना मत द्यायची मुभा आहे. ती वापरा, आणि वर्षातून एकदा पुन्हा बघा. एक्सचेंजवर ठेवलेली नाणी दुसऱ्याच्या हातात असतात. त्या २ मार्चला ती मालकांच्याच साखळीविरुद्ध वापरली गेली.

पैसे रुपयांत आणताना सगळ्यात जास्त रक्कम एका रिकाम्या रकान्यामुळे अडकते. एक्सचेंजचं हाइव्हवर सगळ्या ग्राहकांसाठी मिळून एकच खातं असतं. रक्कम तुमची हे फक्त मेमोमधल्या आकड्यावरून कळतं. मेमो राहिला तर पैसे पोचतात पण तुमच्या नावावर चढत नाहीत, आणि मग सपोर्टला विनवण्या. आधी १ हाइव्ह पाठवून बघा, चढलं की बाकीचं. जिथे फक्त हाइव्ह घेतात तिथे एचबीडी पाठवू नका. आधी हाइव्हच्या अंतर्गत बाजारात बदलून घ्या. आणि त्याच मेमोच्या रकान्यात घाईने चावी चिकटवणारेही आहेत. मेमो जाहीर असतो, आणि अशा चाव्या टिपायला बॉट बसलेलेच असतात. तसं झालं तर क्षणभरही न थांबता मास्टर पासवर्डने सगळ्या चाव्या बदला.

सगळ्या भारतीय एक्सचेंजांवर हाइव्ह मिळत नाही, त्यामुळे मध्ये दुसऱ्या नाण्यात जावं लागतं. एका नाण्याचं दुसऱ्यात रूपांतर हाही आपल्याकडे करपात्र व्यवहार आहे. १ एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरळ ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर लागतो. खरेदीची किंमत सोडून कुठलाही खर्च वजा होत नाही, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वळता होत नाही. १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आहे. मार्च २०२३ पासून एक्सचेंजांना मनी लाँडरिंग कायदा लागू आहे, तेव्हा वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदलेलंच एक्सचेंज वापरा. लिहून मिळालेल्या नाण्याची खरेदी किंमत काय धरायची, हा प्रश्न तुमच्या सीएसमोर पहिल्या दिवशी येणार. म्हणून प्रत्येक पेआउटची तारीख, नाणं, संख्या आणि त्या दिवसाचा रुपयातला भाव अशा चार रकान्यांची शीट पहिल्या पोस्टपासूनच सुरू करा. साखळीवर व्यवहार कायम राहतात, पण त्या दिवसाचा रुपयातला भाव तिथे लिहिलेला नसतो.