अमेरिकेत गाडी ठोकली, तर पैसे कोण भरतं?

जळगाव-धुळ्याकडची मुलं अमेरिकेत पहिली गाडी घेतात तेव्हा सगळ्यात स्वस्त विमा शोधतात. कागद असला म्हणजे झालं! आपल्याकडे हे खपून जातं, कारण थर्ड पार्टी विम्यात जखमी माणसाच्या भरपाईला कमाल मर्यादा नसते. अमेरिकेत मात्र पॉलिसीवर आकडा छापलेला असतो, आणि त्याच्या वरचं तुमच्या खिशातून जातं.

कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2025 पासून किमान आकडा 30/60/15 आहे: एका जखमीसाठी 30 हजार डॉलर, एका अपघातातल्या सगळ्या जखमींसाठी मिळून 60 हजार आणि समोरच्याच्या गाडी-मालमत्तेसाठी 15 हजार. तुमच्या चुकीने कोणाची 40 हजारांची गाडी भंगारात गेली, तर 25 हजार तुमच्या डोक्यावर. 100/300/100 घ्यावा, हप्ता वाढतो, पण मर्यादा वाढते तितक्या पटीत नाही.

चूक कोणाची, हे टक्क्यांत मोजतात, तेही राज्यागणिक वेगळं. कॅलिफोर्नियात 70 टक्के चूक तुमची असली तरी 30 टक्के नुकसानभरपाई मागता येते. टेक्सासात 50 टक्क्यांच्या वर गेलात की हाती काही नाही. व्हर्जिनिया, मेरीलँड, नॉर्थ कॅरोलिनात थोडीशी चूकही दावा बुडवू शकते. म्हणून रस्त्यावर ‘माझंच चुकलं’ म्हणू नका. परवाना आणि विम्याच्या कार्डाची देवाणघेवाण करा. फोटो काढताना सिग्नल, लेन, दोन्ही नंबरप्लेटा यायला हव्यात. ‘भाऊ, जागेवरच मिटवू’ तिथे नको: मानेचं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं. शिवाय कॅलिफोर्नियात कोणी जखमी झालं किंवा नुकसान हजार डॉलरच्या वर गेलं, तर 10 दिवसांत डीएमव्हीकडे (म्हणजे तिथलं आरटीओ) एसआर-1 हा अपघाताची माहिती देणारा फॉर्म भरावाच लागतो.

हे सगळं समोरच्याच्या नुकसानीचं. स्वतःच्या गाडीसाठी कोलिजन (गाडी कशावर आदळली तर) आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह (चोरी, आग, जनावर अशा बाकीच्या नुकसानीसाठी) हे विमे वेगळे घ्यावे लागतात. आपल्याकडे रानडुक्कर आडवं येतं, तसं तिथे हरीण. हरणाला धडक बसली तर कॉम्प्रिहेन्सिव्ह. त्याला चुकवताना झाडावर गेलात तर कोलिजन, आणि चूकही बहुधा तुमचीच धरतात.

चूक समोरच्याची असूनही त्याची कंपनी चालढकल करत असेल, तर आपल्या कोलिजनमधून दुरुस्ती करून घ्या. डिडक्टिबल, म्हणजे सहसा 500 किंवा 1000 डॉलर, आधी तुम्हीच भरायचं. मग तुमची कंपनी समोरच्या कंपनीकडून वसुली करते, आणि वसुली झाली की डिडक्टिबलही परत मिळतं.